ध्वनीचा शोध घेणारा संगीतकार

(कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन हे विसाव्या शतकातील जर्मन संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक होते. युद्धाने त्यांचे आईवडील हिरावून घेतले. पुढे त्यांनी संगीतात अगदी नवी वाट धरली. लोकांनी नावे ठेवली, तरी ती वाट त्यांनी सोडली नाही. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

संगीत कशाचे बनते, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणू, "सुरांचे आणि तालाचे." पण सूर म्हणजे तरी काय? पेटीचा आणि बासरीचा सूर एकच असला, तरी डोळे मिटूनही आपण दोन्ही वाद्ये वेगवेगळी ओळखतो. हे कशामुळे होते? कोणत्याही वाद्यातून न निघणारा, अगदी नवा आवाज माणसाला तयार करता येईल का? असे प्रश्न ज्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारले, त्या संगीतकाराचे नाव कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन.

कार्लहाइन्झ यांचा जन्म २२ ऑगस्ट १९२८ रोजी जर्मनीतील कोलोन शहराजवळ म्योद्राथ या गावी झाला. त्यांचे वडील सिमोन शाळेत शिक्षक होते. आई गेरट्रूड पियानो वाजवीत असे आणि गातही असे. कार्लहाइन्झ चार वर्षांचा असताना आईला मानसिक आजार जडला. १९३२ च्या डिसेंबर महिन्यात तिला इस्पितळात ठेवावे लागले. ती पुन्हा कधी घरी आली नाही.

पुढच्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. मनोरुग्ण आणि अपंग माणसे म्हणजे देशावरचे ओझे, असे या सत्तेचे म्हणणे होते. १९४० व १९४१ या दोन वर्षांत अशा सत्तर हजारांहून अधिक माणसांना सरकारी हुकमाने विषारी वायू देऊन मारण्यात आले. १९४१ मध्ये हादामार येथील इस्पितळात गेरट्रूड यांचाही असाच अंत झाला. घरी मात्र त्या आजाराने वारल्याचे खोटेच कळवण्यात आले.

आई इस्पितळात गेल्यावर काही वर्षांनी वडील मुलांना घेऊन आल्टेनबर्ग या गावी राहावयास आले. तेथील मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या वादकाने कार्लहाइन्झला पियानोचे पहिले धडे दिले. मुलाचा कान तीक्ष्ण होता. पुढे वसतिगृहात राहून शिकत असताना तो व्हायोलिन आणि ओबो ही वाद्येही वाजवू लागला. त्या दिवसांत रेडिओवर फौजेच्या कवायतीचे संगीत सतत लावलेले असे. एक-दोन, एक-दोन अशा ठेक्यावर सारा देश पावले टाकीत होता. या ठेक्याची कार्लहाइन्झच्या मनात कायमची अढी बसली. पुढे त्यांनी आपल्या बऱ्याच रचनांत असा एकसारखा ठोका कटाक्षाने टाळला.

१९४४ मध्ये सोळा वर्षांच्या कार्लहाइन्झला युद्धातील जखमी सैनिकांना स्ट्रेचरवरून वाहून नेण्याचे काम देण्यात आले. खेळण्याबागडण्याच्या वयात त्याने मरण जवळून पाहिले. १९४५ च्या फेब्रुवारीत वडील रजेवर आले होते. आपण परत येणार नाही, असे त्यांनी मुलाला सांगितले. झालेही तसेच. ते लढाईत बेपत्ता झाले. युद्ध संपले तेव्हा कार्लहाइन्झला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते आणि तो पोरका झाला होता.

कार्लहाइन्झने काही काळ एका शेतावर मजुरी केली. त्याच वेळी तो लॅटिन भाषेचा अभ्यास करी. १९४७ मध्ये त्याने कोलोनच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश घेतला. बॉम्बहल्ल्यांनी कोलोन शहराची पार दुर्दशा झाली होती. जगण्यासाठी पैसा हवा होता. म्हणून रात्री मद्यालयांत पियानो वाजवणे, एका जादूगाराच्या प्रयोगांना साथ करणे अशी कामे त्याने केली आणि १९५१ मध्ये शिक्षण पूर्ण केले.

त्याच वर्षी तरुण स्टॉकहाउझेन डार्मश्टाट या शहरी गेले. तेथे दर उन्हाळ्यात नव्या संगीताचे वर्ग भरत. निरनिराळ्या देशांचे तरुण संगीतकार तेथे जमत. जुने जग युद्धात कोसळले आहे, तेव्हा संगीतही नव्याने उभारले पाहिजे, असे त्यांतील अनेकांना वाटत होते. अशा कलावंतांना युरोपात 'अवाँ-गार्द' म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द आहे. फौजेच्या सर्वांत पुढे चालणारी तुकडी, असा त्याचा अर्थ. उर्दूत अशा तुकडीला 'हरावल' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पुढे चालणाऱ्या तुकडीला वाट शोधावी लागते आणि पहिले वारही तिलाच झेलावे लागतात.

तसा पहिला वार स्टॉकहाउझेन यांच्या वाट्याला लवकरच आला. १९५२ च्या उन्हाळ्यात डार्मश्टाट येथे त्यांची 'क्रॉइत्स्श्पील' ही रचना सादर झाली. ओबो, क्लॅरिनेट, पियानो आणि तालवाद्ये एवढीच वाद्ये होती. वादकांचे संचालन त्यांनी स्वतःच केले. या संगीतात ओळखीची चाल नव्हती. एकेक सूर आकाशातल्या ताऱ्यासारखा सुटा सुटा ऐकू येत होता. श्रोत्यांना ते रुचले नाही. सभागृहात गोंधळ माजला. तेवीस वर्षांच्या संचालकाने मात्र हे काम सोडले नाही.

त्या वर्षी ते पॅरिसला ऑलिव्हिए मेस्सियां या थोर फ्रेंच संगीतकारांकडे शिकत होते. मेस्सियां यांच्या पियानोच्या एका रचनेने त्यांना वेड लावले होते. पॅरिसमधील एका स्टुडिओत ध्वनिफितीवर आवाज घेऊन त्यांचे तुकडे कसे करतात, हेही त्यांनी पाहिले. १९५३ मध्ये ते कोलोनला परतले आणि तेथील नभोवाणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत काम करू लागले. त्या स्टुडिओचे प्रमुख हर्बर्ट आयमर्ट होते. दहा वर्षांनी, म्हणजे १९६३ मध्ये, ते पद स्टॉकहाउझेन यांच्याकडे आले.

या स्टुडिओत वाजवण्यासाठी वाद्ये फारशी नव्हती. होती ती विजेवर चालणारी यंत्रे. तंत्रज्ञ मोजमापासाठी वापरतात ती साधी उपकरणे त्यांत होती. या उपकरणांतून एक सपाट, शुद्ध नाद निघे. हा नाद स्टॉकहाउझेन यांना का महत्त्वाचा वाटला, हे समजून घेऊ. तंबोऱ्याची एक तार छेडा आणि कान देऊन ऐका. मुख्य सुराबरोबर त्यात आणखी बारीक बारीक सूर मिसळलेले ऐकू येतात. प्रत्येक वाद्याच्या सुरात असे अनेक उपसूर असतात. त्यांचे प्रमाण वेगवेगळे असते. म्हणूनच पेटी आणि बासरी आपण न पाहता ओळखतो. यंत्रातून येणाऱ्या शुद्ध नादात मात्र एकही उपसूर नसतो. असे शुद्ध नाद एकमेकांत मिसळले, तर हवा तो नवा ध्वनी घडवता येईल, असा स्टॉकहाउझेन यांचा विचार होता. चित्रकार मूळ रंग मिसळून नवी छटा तयार करतो, तसेच हे होते.

हे काम फार किचकट होते. त्या वेळी संगणकाची मदत नव्हती. प्रत्येक नाद फितीवर ध्वनिमुद्रित करायचा, ती फीत मोजून कापायची आणि तुकडे चिकटवून जोडायचे. ही फीत एका सेकंदाला सुमारे ७६ सेंटिमीटर या वेगाने धावे. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाचा आवाज हवा असेल, तर साडेसात सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा तुकडा कापावा लागे. अशा कष्टांतून १९५४ मध्ये 'स्टुडी दोन' ही रचना तयार झाली. ती ऐकायला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. तिचा आराखडा पुढे छापून प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या स्वरलिपीऐवजी चौकोन आणि त्रिकोण काढलेले आहेत. इलेक्ट्रॉनिक संगीताचा छापला गेलेला हा पहिला आराखडा होय.

याच काळात स्टॉकहाउझेन बॉन येथील विद्यापीठात ध्वनिशास्त्राचा अभ्यास करीत होते. माणसाच्या बोलण्यात कोणते ध्वनी असतात, हे ते शिकत होते. मराठीत 'स्वर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. सा, रे, ग हे स्वर आणि अ, आ, इ हेही स्वरच. या दोन अर्थांत खरोखरच नाते आहे. 'आ' किंवा 'ई' लांबवून म्हटले की त्यात सूर सापडतो. 'स' किंवा 'श' लांबवला तर नुसता फुसफुस आवाज येतो. बोलण्यातल्या या ध्वनींचे यंत्राच्या ध्वनींशी नाते जुळवता येईल, हे स्टॉकहाउझेन यांच्या ध्यानात आले.

त्यातून 'तरुणांचे गान' ही रचना जन्माला आली. बायबलमध्ये एक कथा आहे. राजाच्या मूर्तीपुढे मान तुकवण्यास तीन तरुण नकार देतात. राजा त्यांना धगधगत्या भट्टीत टाकतो. पण ते तरुण ईश्वराचे स्तवन गात राहतात आणि त्यांना आगीची झळ लागत नाही. या रचनेसाठी बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज ध्वनिमुद्रित करण्यात आला. तो आवाज आणि यंत्राचे ध्वनी त्यांनी असे गुंफले, की कुठे शब्द स्पष्ट कळतात, तर कुठे ते ध्वनींच्या ज्वाळांत दिसेनासे होतात. सुमारे तेरा मिनिटांच्या या रचनेसाठी एक वर्षाहून अधिक काळ लागला. ३० मे १९५६ रोजी कोलोनच्या नभोवाणी सभागृहात ती प्रथम ऐकवण्यात आली. रंगमंचावर कोणी गायक नव्हता. लाउडस्पीकरांच्या पाच गटांतून आवाज येत होता. काहींनी टाळ्या वाजवल्या, तर काहींनी उघड नापसंती दाखवली. जुलमी सत्तेपुढे न झुकणाऱ्या तरुणांची ही कथा, हिटलरच्या राज्यात आई गमावलेल्या संगीतकाराने निवडावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्टॉकहाउझेन यांनी वाद्ये सोडून दिली होती, असे मात्र नाही. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधील पास्पेल्स या खेड्यात राहत असताना त्यांनी 'ग्रूपेन' म्हणजे 'गट' ही रचना लिहावयास घेतली. खिडकीतून दिसणाऱ्या पर्वतरांगांच्या रेषा पाहून त्यांनी सुरांचे चढउतार आखले. या रचनेत एकाच वेळी निरनिराळ्या गतींचे संगीत चालते. एका संचालकाच्या हाताकडे पाहून ते वाजवणे अशक्य होते. म्हणून त्यांनी १०९ वादकांचे तीन वाद्यवृंद केले आणि प्रत्येकाला वेगळा संचालक दिला. २४ मार्च १९५८ रोजी कोलोन येथे ही मैफल झाली. श्रोते मध्ये बसले होते. डावीकडे, समोर आणि उजवीकडे एकेक वाद्यवृंद होता. स्वतः स्टॉकहाउझेन, इटलीचे ब्रूनो मादेर्ना आणि फ्रान्सचे पिएर बूलेझ असे तीन संचालक उभे होते. तेरा वर्षांपूर्वी एकमेकांच्या शत्रूपक्षांत असलेल्या देशांचे हे तीन कलावंत एकमेकांच्या हातांकडे पाहत संगीत सांभाळत होते. सुरांचा एक लोट एका वाद्यवृंदाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरत जाई. ध्वनी कोठून येतो, यालाही संगीतात महत्त्व आहे, हे या रचनेने दाखवले.

१९६० मध्ये पूर्ण झालेल्या 'कॉन्टाक्टे' या रचनेत आणखी एक चमत्कार ऐकायला मिळतो. एक उंच सूर घसरत घसरत खाली येतो. तो इतका मंद होतो, की त्याचे सुटे सुटे ठोके ऐकू येऊ लागतात. ठोके एका सेकंदाला विसांहून अधिक झाले की कानाला त्यांचा सूर वाटतो. वेग कमी केला की तोच सूर ताल बनतो. सूर आणि ताल ही दोन वेगळी टोके नसून एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, हे येथे प्रत्यक्ष ऐकता येते.

१९७० मध्ये जपानमधील ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे पश्चिम जर्मनीने एक गोलाकार सभागृह उभारले होते. श्रोते चेंडूच्या पोटात बसल्यासारखे बसत. वर, खाली आणि चहूबाजूंनी लाउडस्पीकर लावलेले होते. सुमारे वीस वादक-गायकांनी १८३ दिवस, रोज साडेपाच तास स्टॉकहाउझेन यांचे संगीत तेथे सादर केले. स्टॉकहाउझेन पुष्कळदा यंत्राच्या बटनांपुढे बसून ध्वनी सभागृहात फिरवीत. वाद्यवृंद-संचालकाच्या कामाला त्यांनी असे नवे रूप दिले. त्यांची कीर्ती तरुणांतही पसरली. 'बीटल्स' या इंग्रज गायकांनी १९६७ मध्ये आपल्या एका तबकडीच्या वेष्टनावर अनेक नामवंतांची चित्रे छापली. त्यांत स्टॉकहाउझेन यांचेही चित्र होते.

१९७७ ते २००३ अशी सव्वीस वर्षे ते 'लिश्ट' म्हणजे 'प्रकाश' या संगीतनाट्यावर काम करीत होते. आठवड्याच्या सात वारांची नावे असलेली ही सात नाट्ये आहेत. ती सगळी मिळून सुमारे २९ तासांची होतात. त्यांतील 'बुधवार'मधील एका प्रवेशात चार वादक चार हेलिकॉप्टरांत बसून वाजवतात आणि त्यांचे वादन खाली श्रोत्यांना ऐकवले जाते. १९९५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे हा प्रयोग झाला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली.

'गुरुवार' हे नाट्य १९८१ मध्ये इटलीतील मिलान शहरी सादर झाले. त्यात मिखाएल नावाच्या एका मुलाचे बालपण दाखवले आहे. त्याची आई गाते. तिला वेड्यांच्या इस्पितळात नेतात आणि तेथे ठार मारतात. वडील युद्धावर जातात आणि परत येत नाहीत. ही कोणाची कहाणी आहे, हे आता सांगावयास नको. ज्या आईच्या मृत्यूविषयी सत्तेने खोटे कळवले होते, तिचे खरे मरण मुलाने चाळीस वर्षांनी साऱ्या जगापुढे मांडले.

५ डिसेंबर २००७ रोजी क्यूर्टेन या गावी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, स्टॉकहाउझेन यांचे निधन झाले. दिवसाच्या चोवीस तासांवर चोवीस रचना करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. त्यांतील एकवीस पूर्ण झाल्या होत्या.

त्यांचे संगीत सर्वांना आवडते, असे नाही. "हा तर नुसता गोंगाट," असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आवडनिवड ज्याची त्याची असते. पण न आवडणे वेगळे आणि न ऐकताच झिडकारणे वेगळे. आज लहानशा यंत्रावर बोट ठेवताच हवा तो ध्वनी निघतो. एकेकाळी त्यासाठी माणसे महिनोन्‌महिने फिती कापत आणि जोडत बसली होती. अनोळखी आवाज कानावर आला की कान झाकू नयेत; क्षणभर थांबून तो नीट ऐकावा. एकाच ठेक्यावर चालणाऱ्या देशात वाढलेल्या या संगीतकाराने आयुष्यभर लोकांना हेच सांगितले.

शब्दार्थ

वाद्यवृंद – अनेक वाद्ये एकत्र वाजवणारा वादकांचा समूह
संचालक – वादकांना हाताच्या खुणांनी मार्गदर्शन करणारा
मनोरुग्ण – मनाचा आजार असलेली व्यक्ती
अढी – मनात बसलेली नावड
कटाक्षाने – मुद्दाम लक्ष ठेवून
नभोवाणी – रेडिओ
ध्वनिफीत – आवाज साठवण्याची पट्टी, टेप
किचकट – गुंतागुंतीचे, त्रासदायक
स्तवन – स्तुतिगीत
झळ – आगीची ऊब, चटका
वेष्टन – वरचे आवरण

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्टॉकहाउझेन यांचा जन्म कोठे झाला?
(आ) सोळाव्या वर्षी कार्लहाइन्झला कोणते काम देण्यात आले?
(इ) 'अवाँ-गार्द' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(ई) 'ग्रूपेन' या रचनेत किती वादक होते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पेटी आणि बासरी आपण न पाहता कशी ओळखतो?
(आ) 'स्टुडी दोन' ही रचना तयार करण्याचे काम किचकट का होते?
(इ) 'ग्रूपेन'साठी तीन संचालक का लागले?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
स्टॉकहाउझेन यांच्या बालपणातील दुःखाचा त्यांच्या संगीतावर काय परिणाम झाला?

प्र. ४. जोड्या लावा.
'अ' गट : (१) तरुणांचे गान (२) ग्रूपेन (३) कॉन्टाक्टे (४) गुरुवार
'ब' गट : (क) तीन वाद्यवृंद (ख) मिखाएलचे बालपण (ग) मुलाचा आवाज (घ) सूर घसरत ताल बनतो

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
नावे ठेवणे, कान देऊन ऐकणे, पोरके होणे, मान तुकवणे, वेड लावणे.

प्र. ६. 'आवाज' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो पुल्लिंगी आहे. मराठीत तीन लिंगे असतात. खालील शब्दांचे मराठीतील लिंग ओळखा व प्रत्येकाला 'मोठा', 'मोठी' किंवा 'मोठे' यांपैकी योग्य विशेषण लावा.
फौज, सूर, वाद्य, मैफल, यंत्र, शहर, फीत.

प्र. ७. तुमच्या परिसरात दिवसभरात ऐकू येणाऱ्या दहा आवाजांची यादी करा. त्यांतील कोणते आवाज सुरेल वाटतात, कोणते नुसता गोंगाट वाटतात, ते वर्गात सांगा.